अर्धवेळ मजुरी आणि आपले हक्क

(झाशीत मराठी भाषक पदवीधर तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



इथे बसलेल्या बहुतेक घरांचं झाशीशी नातं रेल्वेने जोडलं. कुणाचे आजोबा भुसावळहून आले, कुणाचे वडील नागपूरहून बदलीवर आले आणि इथेच राहिले. गावाकडे झाशी म्हटलं की लोकांना राणी आठवते. झलकारीबाई फार उशिरा आठवते. ती कोरी समाजातली, विणकरांच्या जातीतली, इथल्याच भोजला गावची. तिचं नाव आपल्या लोकांनी तोंडी जपलं. सरकारी टपाल तिकिटावर ते यायला २००१ साल उजाडलं. कागदावर नाव नसणं म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने शिकवावं लागत नाही. मी आज अशाच एका कागदाबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे दुकानातला हजेरीपट.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर, घरातली पहिली. सकाळी एका कर-सल्लागाराकडे अर्धवेळ काम करते, संध्याकाळी सिपरी बाजारात बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. सकाळी मी नोकर, संध्याकाळी मालक. आपल्या वस्त्यांमध्ये अशी माणसं घरोघरी आहेत. सकाळी चार घरची धुणीभांडी आणि संध्याकाळी भाजीची गाडी. रात्री चौकीदारी आणि दिवसा ई-रिक्षा. प्रश्न असा की या अर्ध्या नोकरीमुळे स्वतःच्या धंद्यावर मिळणारे लाभ जातात का? आणि स्वतःचा धंदा आहे म्हणून नोकरीतले हक्क जातात का? माझ्या टेबलावर हे दोन प्रश्न रोज येतात. त्यांची चुकीची उत्तरं देऊन लोकांना किती वर्षं गप्प बसवलं जातं, ते मी माझ्या आईच्या उदाहरणाने सांगते.

आई शिवणकाम करते. शहरातल्या एका कपड्याच्या मोठ्या दुकानात ती दुपारी चार तास बसते. गिऱ्हाइकाने घेतलेल्या साडीला फॉल-पिको, पँटची लांबी कमी करणं, ब्लाउजला हूक लावणं, असं काम. महिन्याला ४,५०० रुपये. उरलेल्या वेळात घरच्या मशीनवर मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवते, त्यातून सहा हजारांच्या आसपास सुटतात. हात तेच, कात्री तीच. दुपारी ती कामगार असते आणि संध्याकाळी स्वयंरोजगारी.

२०१९ मध्ये प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आली. अठरा ते चाळीस वयाचा असंघटित कामगार, महिन्याचं उत्पन्न १५,००० पर्यंत. साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये पेन्शन. जितका हप्ता आपण भरू तितकाच सरकार भरणार. हप्ता वयाप्रमाणे, अठराव्या वर्षी ५५ रुपये आणि चाळिसाव्या वर्षी २००. आई तेव्हा ३८ वर्षांची होती. तिचा हप्ता १८० रुपये ठरला, आणि तिने तो एकदाही चुकवला नाही. पुढे २०२१ मध्ये ई-श्रम कार्डही काढलं.

दुकानात पंचवीस-तीस माणसं आहेत. आईने मुनीमजींना विचारलं, माझा पीएफ का कापत नाही? उत्तर आलं, "अरे बहनजी, नाम चढ़ाया तो आपका श्रम कार्ड कट जाएगा, पेन्शन डूब जाएगी, राशन भी बंद." आई घाबरली आणि गप्प बसली. नंतर एकदा दुकानाच्या जिन्यावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. दोन महिने दुकानही बंद आणि घरचं मशीनही बंद. दवाखान्याचा खर्च उसनवारीवर झाला. दुकानाने एका महिन्याचा पगार दिला आणि तो उपकार म्हणून दिला.

मुनीमजी जे बोलले त्यात काही खरं होतं आणि बरंचसं खोटं. ते वेगळं करून पाहू.

आपला कायदा माणसाला दोन खणांत टाकतो. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात स्वयंरोजगारी कामगाराची व्याख्याच अशी आहे की, जो कुणा मालकाच्या नोकरीत नाही आणि असंघटित क्षेत्रात स्वतःचा काही व्यवसाय करतो तो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हीच व्याख्या पुढे चालवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली आहे. म्हणजे एक तर तुम्ही कुणाचे तरी नोकर, नाही तर स्वतःचे धनी. दुपारी नोकर आणि संध्याकाळी धनी असणारी बाई व्याख्येत नीट बसत नाही. म्हणून प्रत्येक योजनेला वेगळं विचारावं लागतं की बाई, तू नेमकं काय मोजतेस? माझ्या अनुभवाने योजनांचे तीन गट पडतात. काही योजना फक्त मालकाने दिलेली मजुरी मोजतात. काही तुमची एकूण कमाई आणि सभासदत्व मोजतात. काही पूर्ण कुटुंब मोजतात.

पहिला गट, ईएसआय आणि पीएफ. ईएसआयसाठी आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसं लागतात, पीएफसाठी वीस. मोजताना अर्धवेळवालाही माणूसच धरला जातो. ईएसआयची पगाराची मर्यादा २०१७ पासून महिना २१,००० आहे, आणि हा पगार म्हणजे त्या मालकाने दिलेला पगार. संध्याकाळच्या शिलाईचे पैसे त्यात धरले जात नाहीत. रोज किती तास काम केलं तर कामगार म्हणायचं, अशी अटही नाही. म्हणून "ती तर फक्त चार तास येते" हे कारण कायद्यात बसत नाही.

आता आकडे घ्या. ईएसआयमध्ये मालकाने पगाराच्या ३.२५ टक्के भरायचे, कामगाराने ०.७५ टक्के. पण ज्याची सरासरी रोजची मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे, त्याच्याकडून एक पैसाही कापायचा नाही. आईचे ४,५०० भागिले २६ केले तर १७३ येतात. म्हणजे तिचा हिस्सा शून्य आणि दुकानाचा महिन्याला साधारण १४७ रुपये. बदल्यात तिला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचार मिळाले असते. आजारपणात, सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी असेल तर, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळाले असते. इथे दिवस मोजतात, तास मोजत नाहीत. आणि कामावर झालेल्या इजेला तर ही ७८ दिवसांची अटही नाही. पहिल्या दिवसापासून संरक्षण, आणि हात बरा होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के.

पीएफचं असं. दोघांनी १२-१२ टक्के भरायचे. आईचे ५४० कापले जातील आणि हातात ३,९६० येतील. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण घरात त्या ५४० ची किंमत असते. दुकानाने ५४० घालायचे. त्यातले साधारण ३७५ पेन्शन खात्यात जातात आणि १६५ तिच्या पीएफमध्ये. म्हणजे तिच्या पीएफ खात्यात दरमहा ७०५ रुपये पडतील. २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता, साध्या बचत खात्यात इतकं व्याज मिळत नाही. दहा वर्षं सेवा झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन, किमान १,००० रुपये. शिवाय वर्षभर सलग नोकरी झालेल्या सभासदाचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना किमान अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख विमा. या विम्याचा हप्ता कामगाराकडून घेत नाहीत.

दुकानाने वाचवलं किती? ५४० आणि १४७, मिळून महिन्याला ६८७ रुपये. वर्षाला ८,२४४. एका बाईमागे. "तुमचं कार्ड कापलं जाईल" या काळजीची किंमत इतकी आहे.

दुसरा गट, जिथे तुमची पूर्ण कमाई आणि सभासदत्व बघतात. श्रमयोगी मानधन, ई-श्रम, आणि व्यापारी व स्वयंरोजगारींसाठी २०१९ मध्येच आलेली राष्ट्रीय पेन्शन योजना. इथे अट आहे की तुम्ही पीएफ, ईएसआयचे सभासद नसावेत आणि आयकर भरणारे नसावेत. म्हणजे मुनीमजींचं एवढं बोलणं खरं होतं. अर्धवेळ नोकरीत पीएफ सुरू झाला तर नवीन नोंदणीचं दार बंद होतं. श्रमयोगीसाठी १५,००० ची मर्यादा बघताना घरच्या शिलाईचे पैसेही धरायचे असतात.

पण "पेन्शन डूब जाएगी" हे खोटं. योजनेचा नियम असा आहे की सभासद असंघटित क्षेत्रातून संघटित क्षेत्रात गेला आणि तिथे किमान तीन वर्षं राहिला, तरी खातं चालू राहतं. फक्त सरकारचा अर्धा हिस्सा थांबतो. पूर्ण हप्ता, म्हणजे आईच्या बाबतीत १८० च्या जागी ३६०, स्वतः भरायची तयारी असेल तर योजनेत राहता येतं. साठीला स्वतः भरलेले पैसे बचत खात्याच्या व्याजासह काढता येतात. भरलेला पैसा बुडत नाही. जातं ते ३,००० चं सरकारी पाठबळ.

ते काही कमी नाही, हेही मी सांगते. वीस वर्षं ४,५०० वर पीएफ भरला तर पेन्शनचं सूत्र साधं आहे. पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. उत्तर येतं १,२८५ च्या आसपास. त्यासमोर श्रमयोगीचे ३,००० मोठे दिसतात. पण पीएफच्या बाजूला जमलेली रक्कम आहे, ईएसआयचा दवाखाना आहे, मृत्यूनंतरचा विमा आहे, आणि मोडलेल्या हाताला ९० टक्के मजुरी आहे. श्रमयोगीच्या बाजूला साठीपर्यंत काहीच नाही. पंचेचाळीस वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा आणि बावीस वर्षांच्या मुलाचा वेगळा. हा हिशेब करण्याचा अधिकार तिचा आहे. दुकानाने भीती घालून तो तिच्यासाठी परस्पर करून टाकला. आणि कायद्याने पाहिलं तर पीएफ-ईएसआय लागू असणं ही दुकानाची मर्जी नाही आणि कामगाराचीही नाही. आस्थापना कक्षेत आली की ते लागूच असतं.

ई-श्रम कार्डाबद्दल एक वाक्य. ती नोंदणी आहे, बारा आकडी क्रमांक आहे. त्यातून दरमहा काही येत नाही. त्याच्या मोहात ईएसआय सोडणं म्हणजे बसच्या जुन्या तिकिटासाठी बस सोडणं.

तिसरा गट कुटुंबाचा आहे, आणि इथे तुम्ही सगळे सापडता. अनुसूचित जातींच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीसाठी आईवडिलांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. आईची दुकानाची मजुरी वर्षाला ५४,००० आणि शिलाईचे ७२,०००, मिळून १ लाख २६ हजार. पगार कागदावर आला तरी ती मर्यादेच्या बरीच आत आहे. रेशनसाठी उत्तर प्रदेशात शहरी कुटुंबाला वर्षाला तीन लाखांची आणि ग्रामीण कुटुंबाला दोन लाखांची मर्यादा आहे. पीएफ खातं असणं हे रेशन बंद करण्याचं कारण नाही. मुनीमजींचा तिसरा धाकही पोकळ निघाला.

पण सगळीकडे असं नाही. उत्तर प्रदेशच्या वृद्धापकाळ पेन्शनसाठी उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला ५६,४६० आणि गावात ४६,०८० आहे. समजा नगरामध्ये राहणारी एक विधवा आजी आहे, ६२ वर्षांची. घरी पापड-बडी करून विकते आणि एका शाळेत दोन तास पाणी भरते. शाळेचे महिन्याला ४,६०० मिळतात, वर्षाचे ५५,२००. पापडाचे चार पैसे धरले तर ती आधीच काठावर आहे. मालकाने २०० रुपये पगार वाढवला की एकट्या पगाराचेच ५७,६०० होतात आणि पेन्शनचा हक्क जातो. इथे छोटी मजुरी खरोखर मोठा लाभ खाते. म्हणून मी सरसकट "सगळं कागदावर आणा, भलंच होईल" असं सांगत नाही. कोणत्या योजनेची रेषा कुठे आहे ते बघून सांगते.

आणखी एक, तुम्हाला चटका लावणारं. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय. शिंपी, चांभार, न्हावी, धोबी, कुंभार, गवंडी वगैरे. १५,००० चं अवजारांचं साहाय्य, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५००, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. खासगी दुकानातली अर्धवेळ मजुरी इथे आड येत नाही, फक्त तो व्यवसाय तुम्ही स्वतः हाताने करत असला पाहिजे. पण सरकारी नोकरीतला माणूस आणि त्याचं कुटुंब अपात्र. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हणजे तुमच्यातली अविवाहित मुलगी सरकारी नोकरीत लागली की तिच्या बापाचं चांभारकामाचं कर्ज अडलं. एका घरातून एकच अर्ज. तेव्हा भरतीची तयारी करत असाल तर घरातला अर्ज आधी भरून टाका.

काही गोष्टींना तुम्ही नोकर की धनी याच्याशी देणंघेणं नाही. अटल पेन्शन योजनेला पीएफचं वावडं नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून फक्त आयकर भरणाऱ्याला नवीन खातं काढता येत नाही. वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा बँक खातं आणि वय यांवर चालतो. बांधकाम कामगार मंडळ तर उलट बाजूचं दार आहे. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर नोंदणी होते, उरलेले दिवस तुम्ही काहीही करत असाल. बुंदेलखंडातून दरवर्षी कामाला बाहेर जाणाऱ्या कितीतरी लोकांचे ९० दिवस भरतात, पण ते लिहून ठेवलेले नसतात.

मघाशी एका ताईने विचारलं की मालक म्हणतो, तू तर स्वतःचा धंदा करतेस, इतरांचेही कपडे शिवतेस, तू माझी कामगार कशी? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच दिलं आहे. खटल्याचं नाव लक्षात ठेवायला सोपं आहे, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस. शिंपी नगावर पैसे घेत, येण्याजाण्याची वेळ पक्की नव्हती, काही जण कापड घरी नेत, दुसऱ्या दुकानांचंही काम करत. न्यायालयाने म्हटलं, तरीही ते कामगारच. मशीन दुकानाचं, आणि शिवलेलं पसंत न पडल्यास उसवून पुन्हा शिवून घेण्याचा अधिकार दुकानाचा. माणूस एकाहून जास्त मालकांचा कामगार असू शकतो. १९८५ मध्ये घरी बसून विड्या वळणाऱ्यांच्या बाबतीतही हेच झालं. पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात त्या घरकामगारांनाही पीएफ लागू आहे असा निकाल आला, आणि तिथेही वाईट विडी नाकारण्याचा मालकाचा अधिकार महत्त्वाचा ठरला. आपल्या मऊरानीपूर-राणीपूरकडे माग विणकराच्या घरात असतो, सूत व्यापाऱ्याचं असतं आणि मजुरी मीटरवर मिळते. अशा ठिकाणी "तू स्वतंत्र कारागीर" म्हणण्याआधी विचारायला हवं की नापसंत कापडाचा तोटा कोणाच्या माथी जातो?

हे सगळं आपल्याच लोकांच्या वाट्याला का येतं? कारण अर्ध्या मोबदल्यावर पूर्ण माणूस बांधून ठेवण्याची पद्धत या देशात नवी नाही. मुंबई इलाख्यातलं महारवतन आठवा. गावाचं आणि सरकारचं काम कोणत्याही वेळी सांगितलं जाई, घरातल्या कोणालाही बोलावलं जाई. मोबदला काय, तर इनामाचा जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांनी दिलं तर बलुतं. पगार मागायला गेलं की ऐकायला मिळे, तुम्ही तर वतनदार! शब्द किती भारदस्त. त्या शब्दाच्या आड मजुरी गडप होत असे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते याच बांधिलकीविरुद्ध. वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. आज कुणी माझ्या आईला "आप तो खुद की मालकिन हैं" म्हणतं तेव्हा मला तो वतनदार शब्द ऐकू येतो.

आणि हेही विसरू नका की १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल १९४४ चा, त्यांच्याच कारकिर्दीतला. त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. आपल्या बापाने पायाभरणी केलेल्या इमारतीत आपल्याच आईला मागच्या दारानेही घेत नाहीत, हे चालू द्यायचं का?

त्या कायद्याचीही एक मर्यादा सांगते. आईला ईएसआय असता तर हात मोडल्यावर महिन्याला साधारण ४,०५० मिळाले असते. पण घरच्या मशीनवरचे सहा हजार बुडाले, त्याचं काय? त्याला कुणीच भरपाई देत नाही. हात एकच मोडला, पण कायद्याच्या हिशेबी त्या हाताची फक्त दुपार मोडली. म्हणून आपली मागणी स्पष्ट असायला हवी. एका माणसाचं सामाजिक सुरक्षेचं खातं एकच असावं. अर्धवेळ मालकाचा हिस्सा त्यात पडावा, आणि स्वतःच्या धंद्याच्या कमाईपुरता सरकारचा जोडहिस्साही चालू राहावा. पीएफमध्ये ७०५ रुपये पडतात म्हणून श्रमयोगीतले १८० बंद, हा न्याय नाही. आणि उत्पन्नाच्या रेषेपलीकडे पाऊल पडताच अख्खं पेन्शन तोडण्याऐवजी ते टप्प्याटप्प्याने कमी व्हावं. दोनशे रुपयांच्या वाढीला गरीब माणसाने घाबरावं, असा नियम कोणाच्या भल्याचा?

मागणी मान्य होईल तेव्हा होईल. घरी गेल्यावर करायची कामं मात्र आजची आहेत.

मजुरी बँकेत मागा. पासबुकातली दरमहाची नोंद हा नोकरीचा पहिला पुरावा आहे. रोख मिळत असेल तर वहीत तारीख, तास आणि रक्कम लिहा. नव्या संहितांप्रमाणे मालकाने नेमणूकपत्र द्यायचं असतं, ते मागा. उमंग ॲपवर आईवडिलांचा पीएफ क्रमांक शोधा. कधी कधी खातं उघडलेलं असतं आणि घरच्यांना पत्ता नसतो. वारसाचं नाव भरलं आहे का ते बघा. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा ईएसआयचा हक्क बुडत नाही, महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. स्वतःच्या धंद्याचीही नोंद हवी. जीएसटी नसलेल्या छोट्या धंद्यांसाठी उद्यम असिस्ट आहे, फुकट आहे, आणि कर्जाला उपयोगी पडतो.

आणि तुमचं स्वतःचं. कोचिंग क्लासमध्ये तीन तास शिकवता, पैसे "मानधन" म्हणून मिळतात, वर १० टक्के टीडीएस. फॉर्म १६ मिळाला तर तुम्हाला पगारदार धरलं आहे. १६ए मिळाला तर तुम्हाला स्वतंत्र व्यावसायिक धरलं आहे, म्हणजे पीएफ नाही. तो कागद बघा आणि विचारा. कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत मिळतो. रिटर्न भरला म्हणून तुम्ही आयकर भरणारे होत नाही, कर शून्य असेल तर शून्यच. या भीतीने रिटर्न न भरणारी किती मुलं मी पाहते.

शेवटी, एकट्याने जाऊ नका. एकटी बाई विचारायला गेली की तिच्या जागी दुसरी येते. आईच्या दुकानात शिवणकामाला पाच जणी आहेत. त्यातल्या चौघींनी मिळून लेखी अर्ज दिला. मी लिहून दिला, सह्या त्यांच्या. एकीची सही नव्हती, तिने अंगठा लावला. त्यानंतर दुकानाने पगार बँकेत टाकायला सुरुवात केली आहे. पीएफचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही तर पुढचा अर्ज पीएफ कार्यालयात जाईल, तोही चौघींचा.

आपल्या आधीच्या पिढीने आपल्याला शाळेत घातलं ते नोकरीसाठी, हे खरं. पण घरातला हजेरीपट वाचता यावा यासाठीही घातलं होतं. या रविवारी आईला, मावशीला, शेजारच्या काकांना समोर बसवा आणि विचारा, तुम्हाला कोण किती देतं आणि ते कुठे लिहिलेलं आहे? अडलं तर सिपरी बाजारात मी संध्याकाळी असतेच.

जय भीम. जय फुले. जय झलकारी.